यंत्राच्या बोलीतली आवराआवर

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. माळा रिकामा होतो, पितळेची भांडी चिंचेच्या कोळात पडतात, आणि वर्षभर न सापडलेल्या वस्तू सापडून, सापडत होत्या त्या नाहीशा होतात. २०२४ सालच्या दिवाळीत अशाच एका धुळकट सकाळी माझी भाची बंगळूरहून आली. तिथे एका कंपनीत ती कंपायलरचे काम करते. पायातल्या चपला काढण्यापूर्वी तिने संगणक उघडला आणि जेवणाच्या टेबलावर, अनारशांच्या पिठाचा डबा सरकवून, जागा केली.

"अग, सुट्टी ना तुला?" मी विचारले.

"सुट्टी आहे रे मामा. पण तिकडेही आवराआवर निघाली आहे. लोकांनी सगळं कपाट नव्यानं लावलंय, छान लावलंय, आणि आता मला माझे मोजे सापडत नाहीत."

मी पडलो मराठीचा मास्तर. कंपायलर म्हणजे काय एवढेही मला धड ठाऊक नव्हते. पण पुढच्या चार दिवसांत, करंज्यांना मुरड घालता घालता, तिने मला जे सांगितले त्यात अनेक ओळखीची माणसे भेटली. बोली भेटली, क्रिया भेटली, उपवाक्य भेटले. म्हटले, हे तर आमच्याच गल्लीतले दिसतात! म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

कंपायलर हा एक भाषांतरकार. माणूस ज्या भाषेत कार्यक्रम लिहितो ती यंत्राला कळत नाही. यंत्राला कळते ती माणसाला लिहवत नाही. मधला दुभाष्या तो कंपायलर. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषेचा कंपायलर तयार केला, तेव्हापासून हा धंदा नावारूपाला आला. पुढे भाषा वाढल्या आणि यंत्रांच्या जातीही वाढल्या. दहा भाषा आणि दहा यंत्रे असली तर शंभर दुभाषे ठेवायचे काय? त्यापेक्षा मध्ये एक सर्वांची समाईक भाषा असावी. दहा जणांनी आपापल्या भाषेतून तीत यावे आणि दहा जणांनी तीतून आपापल्या यंत्राकडे जावे. शंभरांचे काम विसांत भागते. या मधल्या भाषेत कोणी कविता करीत नाही की भांडत नाही. तिच्यातून फक्त जायचे असते.

अशा मधल्या भाषेची सर्वांत प्रसिद्ध मांडणी म्हणजे एलएलव्हीएम. २००० सालच्या सुमारास अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम आडवे यांनी ती सुरू केली. हे आडवे आपल्या पवईच्या आयआयटीचे १९८७ चे पदवीधर. त्यांच्या पत्नी सरिता आडवे याही तिथल्याच, त्याच वर्षीच्या; आणि पुढे ज्या भांडणाविषयी मी सांगणार आहे, म्हणजे दोन कामगारांनी एकाच वेळी एकाच पाटीवर लिहिले तर काय होते, त्या भांडणाचे शास्त्र रचण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

एलएलव्हीएमची मधली भाषा मात्र यंत्राच्या फार जवळची. त्या पायरीवर येईपर्यंत मूळ लेखकाच्या मनात काय होते ते बरेचसे पुसून गेलेले असते. म्हणून २०१९ साली एमएलआयआर नावाची नवी रचना पुढे आली. तिच्यात मधली भाषा एक नाही, अनेक पायऱ्यांवरच्या अनेक आहेत, आणि त्या प्रत्येकीला तिथले लोक 'डायलेक्ट' म्हणतात. डायलेक्ट म्हणजे बोली! मी करंजी खाली ठेवली. "तुमच्या यंत्रातसुद्धा वऱ्हाडी आणि मालवणी आहे?" भाची म्हणाली, "आहे की. अंकगणिताची बोली वेगळी, फेऱ्यांची वेगळी, आणि मी ज्या बोलीत अडकले आहे ती ओपनएमपीची."

ओपनएमपी हे प्रकरण थोडे समजावून घेतले पाहिजे. २००५ च्या सुमारापर्यंत संगणकाचा मेंदू वर्षागणिक वेगवान होत होता. मग उष्णतेमुळे तो वेग थांबला, आणि कारखानदारांनी एका मेंदूऐवजी एकाच चकतीवर दोन, चार, आठ मेंदू बसवायला सुरुवात केली. आज तुमच्या आमच्या खिशातल्या फोनमध्येही बहुधा आठ असतात. मोठ्या यंत्रांनी हा मार्ग त्याआधीच धरला होता. पुण्याच्या सीडॅकने १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली उभारलेला परम ८००० हा समांतर संगणकच होता. पण आठ आचारी ठेवले म्हणून लग्नाचा स्वयंपाक आठपट लवकर होत नाही. कोणी काय करायचे ते सांगावे लागते. ते सांगण्याची एक ठरलेली रीत म्हणजे ओपनएमपी. तिची पहिली संहिता ऑक्टोबर १९९७ मध्ये फोरट्रानसाठी निघाली, पुढच्या वर्षी सी भाषेसाठी.

रीत मोठी सभ्य आहे. मूळ कार्यक्रमाला हात लावायचा नाही. फक्त ज्या फेरीची विभागणी करायची तिच्या डोक्यावर एक सूचना लिहायची: 'ही फेरी सगळ्यांनी वाटून घ्या.' फोरट्रानमध्ये ही सूचना टिपणीसारखी दिसते. ज्या कंपायलरला ओपनएमपी कळत नाही तो तिला टिपण समजून पुढे जातो आणि एकट्याने सगळे काम करतो. सूचनेच्या मागे अटी जोडता येतात: अमुक वस्तू प्रत्येकाची खासगी, अमुक बेरीज शेवटी एकत्र करायची, काम संपल्यावर दुसऱ्यांसाठी थांबायचे नाही, चारच जणांना लावायचे. या अटींना ते 'क्लॉज' म्हणतात. आमच्या व्याकरणात क्लॉज म्हणजे उपवाक्य, आणि इथेही तो शब्द चपखल बसतो: मुख्य वाक्य हुकमाचे, त्याला लटकलेली उपवाक्ये अटींची.

अट विसरली तर काय होते? गणपतीच्या वर्गणीचे उदाहरण घ्या. पाटीवर आकडा आहे १००. दोन मुले दोन दारांतून दहा दहा रुपये घेऊन आली. दोघांनी एकदमच पाटीकडे पाहिले. दोघांनी मनात १०० आणि १० मिळवून ११० केले. एकाने ११० लिहिले, दुसऱ्याने ते पुसून ११० लिहिले. पेटीत १२० आणि पाटीवर ११०. दोघांनी बेरीज बरोबर केली आहे, चोरी कोणीही केलेली नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येकाने आपली चिठ्ठी वेगळी ठेवावी आणि शेवटी चिठ्ठ्यांची बेरीज करावी. हीच ती 'रिडक्शन' नावाची अट. यातली खरी भीती अशी की मुले एकदम पोचली नाहीत तर पाटी बरोबर येते. दहा वेळा बरोबर येईल, अकराव्या वेळी चुकेल, आणि चुकली हे कोणाला कळणारही नाही.

आता मूळ गोष्ट. मधल्या बोलीत या प्रत्येक हुकमासाठी एकेक क्रिया असते आणि त्या क्रियेची रीतसर व्याख्या लिहावी लागते. क्रियेचे नाव काय, तिला कोणकोणत्या अटी लागू होतात, प्रत्येक अटीत काय काय द्यायचे, ती छापायची कशी, वाचायची कशी, आणि माणसासाठी तिचे वर्णन काय. ही व्याख्या टेबलजेन नावाच्या एका आटोपशीर लिपीत लिहितात आणि तिच्यावरून एक यंत्रच पुढचे हजारो ओळींचे लिखाण तयार करते. म्हणजे व्याख्या ही साच्यासारखी. साच्यात रेघ राहिली की प्रत्येक चकलीवर ती उठणार.

ओपनएमपीची संहिता मात्र फुगत गेली. २००८ साली तिच्यात स्वतंत्र कामे वाटून देण्याची सोय आली, २०१३ साली चित्रकामाच्या चकतीवर काम पाठवण्याची. २०१८ ची आवृत्ती सहाशेहून अधिक पानांची झाली. बोलीतल्या क्रियाही तशाच एकामागून एक, गरज पडेल तशा, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी जोडल्या. आणि प्रत्येकाने अटींची व्याख्या आपापल्या क्रियेत पुन्हा लिहिली. 'जर' ही अट समांतर क्रियेत एका नावाने, तर सिम्ड नावाच्या क्रियेत थोड्या वेगळ्या नावाने. वस्तू तीच. 'न थांबता पुढे जा' ही अट अनेक ठिकाणी. 'रिडक्शन' तर कितीतरी ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी वर्णनही वेगळ्या माणसाच्या इंग्रजीत!

इथे मला आमच्या आईची फराळाची वही आठवली, कारण ती समोरच पडली होती. त्या वहीत शंकरपाळ्यांच्या पानावर मोहन लिहिले आहे, करंज्यांच्या पानावर लिहिले आहे, चकल्यांच्या पानावरही आहे. सगळे वाटीच्या मापाने. काही वर्षांपूर्वी आईची जुनी पितळी वाटी हरवली आणि तिच्याहून मोठी स्टीलची वाटी मापाला आली. आईने शंकरपाळ्यांच्या पानावर लगेच दुरुस्ती केली. चकल्यांच्या पानावरही केली. करंज्यांच्या पानावर राहिली. त्या वर्षी वहीत पाहून माझ्या बायकोने करंज्या केल्या, मोहन जास्त झाले, आणि निम्म्या करंज्या कढईत फुटून सारण तेलात पसरले. सासूसुनांचे त्यावरून जे झाले ते इथे सांगण्याचे कारण नाही. दोष वाटीचाही नव्हता आणि सुनेचाही नव्हता. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिली होती, एवढेच.

"अगदी हेच!" भाची म्हणाली. "फक्त आमची करंजी फुटत नाही. ती गोल, खुसखुशीत दिसते, आणि आत सारण चुकीचं असतं."

मग तिने तिच्या कंपनीतली एक हकीकत सांगितली. त्यांनी बोलीतल्या फेरीच्या क्रियेची व्याख्या जशीच्या तशी उचलून, तिच्यात आपल्या यंत्रापुरती थोडी भर घालून, स्वतःची वेगळी क्रिया केली होती. पुढे मूळ व्याख्येत कोणीतरी एक तपासणी वाढवली. नकलेत ती अर्थातच आली नाही. काही महिन्यांनी एका ग्राहकाच्या बेरजेत शेवटचे काही अंक दर खेपेला वेगळे येऊ लागले. आता अपूर्णांकांच्या बेरजेत क्रम बदलला की शेवटचे अंक किंचित हलतात, हे या धंद्यात सर्वांना माहीत असते. म्हणून सगळ्यांनी 'तेच असेल' म्हणून मान डोलावली. माहीत असलेले कारण असे आड येते. प्रत्यक्षात एक चिठ्ठी सर्वांची समाईक राहून गेली होती. ते शोधायला तिला तीन आठवडे लागले. "मामा, तीन आठवडे मी स्वतःवर संशय घेत होते," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिने मान वर केली नाही.

अशा बेरजा कुठे लागतात? पुण्याच्या पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली प्रत्यूष आणि २०२४ साली अर्क नावाचे महासंगणक बसले. जगभर हवामानाची गणिते आजही मोठ्या प्रमाणात फोरट्रानमध्येच लिहिलेली आहेत आणि ती हजारो मेंदूंत वाटूनच करावी लागतात. पाऊस कधी येणार हे विचारताना आपण नकळत अशाच कुठल्या तरी दुभाष्यावर भरवसा टाकत असतो.

तर २०२४ साली या ओपनएमपीच्या बोलीची आवराआवर निघाली. दोन मोठी कामे झाली. पहिले फेऱ्यांचे. आधी वाटून घ्यायची फेरी, एका दमात अनेक आकडे करायची फेरी, आणि कामे पाडून द्यायची फेरी अशा तीन क्रिया होत्या, आणि 'इथून सुरू, इथे शेवट, इतक्या पावलांनी' हा मजकूर तिघींत स्वतंत्र होता. पण संहितेत या क्रिया एकमेकींत मिसळतात. वाटूनही घ्यायची आणि एका दमात अनेकही करायचे. मग त्या जोडनावासाठी चौथी क्रिया करायची, पाचवी करायची? आमच्याकडे सामासिक शब्दांचे असेच होते. प्रत्येक समासाला कोशात जागा द्यायची म्हटली तर कोश कधी संपायचा नाही. त्यावर तोड अशी निघाली की फेरी ही एकच क्रिया ठेवावी, सुरुवात-शेवट-पाऊल फक्त तिच्यात असावे. बाकीच्या क्रियांनी नुसते तिच्याभोवतीचे वेष्टण व्हावे. वेष्टणात वेष्टण, सर्वांत आत फेरी. करंजीला दोन पदर द्यायचे असतील तर दोन द्या, सारण एकच.

दुसरे काम अटींचे, आणि मला ते अधिक आवडले. प्रत्येक अटीची व्याख्या एकदाच, वेगळ्या फायलीत लिहिली गेली: तिचे घटक, तिचे छापणे, तिचे वर्णन. मग समांतर क्रियेच्या व्याख्येत नुसती यादी आली: वाटप, जर, किती जण, खासगी, नेमणूक, रिडक्शन. संपले. बाकी सगळे यंत्राने जोडून घ्यायचे. त्याच ओघात तीच वस्तू वेगवेगळ्या नावांनी वावरत होती तिलाही एक नाव मिळाले. एखाद्या क्रियेत एखाद्या अटीचा एखादा भाग वेगळा हवा असेल, तर तेवढा भाग वगळून स्वतःचा लिहिण्याचीही सोय ठेवली.

हे ऐकून मी उठलो आणि कपाटातून अष्टाध्यायी काढली. (माळा साफ झाल्याने ती सापडली.) पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषा बांधली ती याच युक्तीने. एका सूत्रात 'स्वर पुढे असताना' असे म्हटले की पुढच्या सूत्रांत ते शब्द पुन्हा लिहीत नाहीत. ते आपोआप पुढे चालत येतात. याला अनुवृत्ती म्हणतात. सामान्य नियम आधी, मग अपवाद तेवढा वेगळा. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला पुत्र झाल्याचा आनंद होतो, असे जे म्हणतात ते नागेशभट्टांच्या ग्रंथातून आले. हे नागेशभट्ट काशीत राहणारे महाराष्ट्रीय, आडनावाने काळे. संगणकवाल्यांनाही या नात्याची जाणीव आहे. ज्या बॅकस यांचे नाव वर आले त्यांच्या नावाने भाषेचे नियम लिहिण्याची एक पद्धत प्रसिद्ध आहे. १९६७ साली इंगरमन नावाच्या गृहस्थांनी त्या क्षेत्रातल्या एका मासिकात सुचवले होते की तिला पाणिनी-बॅकस पद्धत म्हणावे.

मी हे सारे मोठ्या उत्साहाने सांगितले. भाचीने ऐकून घेतले आणि विचारले, "पण मामा, मधलंच एक सूत्र उघडून वाचलं तर कळतं का?"

कळत नाही. हेच तर पाणिनी शिकणाऱ्याचे दुःख. कोणता शब्द कुठून चालत आला आणि कुठे थांबला, यावर टीकाकारांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले आहेत. भाचीची तक्रारही तीच होती. पूर्वी क्रियेची व्याख्या उघडली की सगळे त्याच पानावर असे, पाल्हाळ का असेना. आता यादी दिसते, आणि एकेका अटीसाठी दुसऱ्या फायलीत जावे लागते. मोजे सापडत नाहीत ते असे. तिच्या कंपनीने मधली भाषा नव्या आवृत्तीवर नेताच त्यांची ती नक्कल केलेली क्रिया उभीच राहीना, म्हणून ऐन दिवाळीत ही पाळी. मला विचाराल तर सौदा फायद्याचा आहे. पण फुकटातला नाही, आणि तो फुकट आहे असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचली. या मंडळींत असा रिवाज आहे की ज्या फेरबदलाने कार्यक्रमाचे वागणे बदलत नाही त्याच्या नावापुढे 'वागण्यात बदल नाही' अशा अर्थाची तीन अक्षरे लिहायची. किती नम्र शिक्का! प्रस्ताव उघड मांडायचा, देशोदेशीच्या माणसांनी तो ओळ न्‌ ओळ वाचायचा, लहान लहान तुकडे करून घालायचा, प्रत्येक तुकड्यानंतर साऱ्या चाचण्या पुन्हा चालवायच्या, आणि शेवटी अभिमानाने लिहायचे की काहीही बदलले नाही. भाचीच्या वरिष्ठांनी तिला विचारले होते, या तीन महिन्यांत नवे काय केलेस? तिने आपली दोन पानांची व्याख्या अर्ध्या पानावर आणली होती, आणि ज्या चुकीने तिचे तीन आठवडे खाल्ले ती पुन्हा होऊ नये अशी तजवीज केली होती. 'नवे' या रकान्यात काय लिहावे हे तिला सुचेना. माझ्या बायकोने पलीकडून तळता तळता विचारले, "माळा झाडला हे कुठल्या रकान्यात लिहितात?" त्यावर कोणी काही बोलले नाही, कारण माळा तिनेच झाडला होता.

वसुबारसेच्या दिवशी भाचीचे काम संपले आणि तिने मोर्चा आईच्या वहीकडे वळवला. नव्या वहीत पहिल्या पानावर मोहन लिहिले: किती पिठाला किती, कोणत्या वाटीने, तेल कितपत तापलेले. पुढे शंकरपाळी, करंजी, चकली, प्रत्येक पानावर फक्त 'मोहन, पान १ पाहा.' मोठ्या कौतुकाने तिने ती आजीपुढे धरली.

आईने चष्मा चढवून पाहिली आणि परत दिली. "पिठानं माखलेल्या हातांनी मी पान उलटू कशी?"

भाची क्षणभर गप्प झाली. मग हसू लागली. त्या बोलीतही हाच प्रश्न आला होता, म्हणाली. व्याख्या एकदाच लिहायची खरी, पण वाचणाऱ्यासाठी यंत्र प्रत्येक क्रियेचे वेगळे पान छापून देते, आणि त्या पानावर सर्व अटींची वर्णने पूर्ण, जागच्या जागी जोडलेली असतात. लिहिणाऱ्याला एक जागा, वाचणाऱ्याला एक पान. तिने रात्री संगणकावर तसेच केले. मोहन एकदाच टिपले आणि प्रत्येक पदार्थाच्या कागदावर ते आपोआप उतरेल अशी व्यवस्था करून नऊ कागद छापून आणले. आईने ते ओट्याच्या वरच्या फळीला चिकटवले आहेत. वाटी पुन्हा बदलली तर भाचीला फोन करायचा, असे ठरले आहे.

जुनी वही आईने रद्दीत घालू दिली नाही. तिची पहिली चार पाने माझ्या आजीच्या अक्षरातली आहेत.